जाड ब्रश-स्क्रिप्ट फॉन्टचे जोड तुटताहेत? या क्रमाने तपासा

जाड, रेट्रो वळणाचा ब्रश-स्क्रिप्ट फॉन्ट मोठ्या मथळ्याला लावला की एक तक्रार हमखास येते: "अक्षरं जोडलेली दिसत नाहीत, मध्येच तुटतात." पोस्टर असो, पाटी असो, टी-शर्ट असो की वेबसाइटचा मथळा, माध्यम बदलतं आणि दोष तोच राहतो. ही तक्रार मी इतक्या वेळा सोडवली आहे की फाइल उघडण्याआधीच काय बघायचं ते ठरलेलं असतं. तो क्रम इथे लिहून ठेवतो.

एक गोष्ट आधी समजून घ्या. ही अक्षरं कुंचल्याच्या एका सलग फराट्यातून उतरल्यासारखी दिसली तरी असतात सुटीच. एका अक्षरातून बाहेर पडणारी रेघ पुढच्या अक्षराच्या अंगात थोडीशी शिरते, आणि ती नेमकी किती शिरावी हे फॉन्ट करणाऱ्याने मोजून ठेवलेलं असतं. बहुतेक वेळा फॉन्टमध्ये काहीच बिघडलेलं नसतं. ते माप कुणीतरी नकळत बदललेलं असतं. आपल्याला शोधायचं आहे ते एवढंच: माप कुठे बदललं.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं नेमकं काय दिसतंय ते आधी ठरवा. एकापेक्षा जास्त लक्षणं एकत्र असू शकतात.

- दोन अक्षरांच्या जोडावर उभी पांढरी फट दिसते, सगळीकडे किंवा एखाद्या जोडीतच.
- जोड लागलेला आहे, पण तिथे पायरी पडल्यासारखी दिसते. रेघ वर संपते आणि पुढची खालून सुरू होते.
- जोडाच्या जागी पांढरा ठिपका किंवा भोक पडतं.
- अक्षरांना बाह्यरेषा दिली की प्रत्येक जोडावर आडवी-तिरपी रेघ उमटते.
- अक्षरं फुगलेली वाटतात, 'इ' आणि 'ए' या रोमन अक्षरांच्या पोटातली जागा बुजते.
- शेवटच्या अक्षराची शेपटी किंवा पहिल्या अक्षराचा वळसा सरळ कापला जातो.
- नमुन्यात दिसलेली सुंदर वळणं तुमच्या फाइलमध्ये येतच नाहीत.

पहिली तपासणी: मोठं करून बघा

याला काही लागत नाही, पण हे न करता तासभर वाया घालवलेली माणसं मी पाहिली आहेत. जोडावर फट दिसली की तिथे झूम करा, आधी चारपट, मग सोळापट. झूमबरोबर फटही रुंद होत गेली तर ती खरी आहे, छापून येणारच. फट मात्र प्रत्येक झूमला तेवढीच, केसाएवढी बारीक राहिली तर ती पडद्यावर कडा गुळगुळीत करण्याच्या प्रक्रियेतून आलेली असते. पीडीएफ बघताना हे नेहमी होतं, विशेषतः दोन आकार एकमेकांत न शिरता फक्त काठाला काठ लावून उभे असतील तर. अशा वेळी एक छापील नमुना काढून बघा. कागदावर फट नसेल तर छपाईपुरता प्रश्न मिटला.

दुसरी तपासणी: अक्षर-अंतर शून्य आहे का

इथे सगळ्यात जास्त वेळ थांबा, कारण माझ्याकडे आलेल्या बहुतेक फाइली इथेच सुटल्या आहेत.

ट्रॅकिंग म्हणजे सगळ्या अक्षरांमध्ये सारखं वाढवलेलं किंवा कमी केलेलं अंतर. इलस्ट्रेटर, फोटोशॉप, इनडिझाइन या तिन्हीत ते अक्षराच्या आकाराच्या हजाराव्या भागात मोजलं जातं. म्हणजे ट्रॅकिंग 20 असेल आणि अक्षर 24 पॉइंटांचं असेल, तर प्रत्येक जोडावर अर्ध्या पॉइंटाहूनही कमी अंतर वाढतं. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर 0.17. डोळ्याला ते कळतही नाही. तोच मजकूर 200 पॉइंटांवर नेला की अंतर 4 पॉइंट होतं, म्हणजे जवळपास 1.4 मिलिमीटर. लहान नमुन्यात ठीक दिसलेलं काम मोठं झाल्यावर का फाटतं, त्याचं उत्तर बहुधा या गणितातच असतं.

एक काम मला चांगलं आठवतं. मोठा बॅनर छापून झाल्यावर फोन आला, की मथळ्यातलं प्रत्येक अक्षर सुटं दिसतंय, फॉन्टच खराब आहे. फाइल मागवली. मथळा 1000 पॉइंटांचा होता आणि ट्रॅकिंग फक्त 10. आकडा क्षुल्लक वाटतो, पण त्याचे झाले 10 पॉइंट, म्हणजे साडेतीन मिलिमीटर. हे 10 मुद्दाम कुणी घातलं नव्हतं. खालच्या उपमथळ्याला साधा, सुटसुटीत फॉन्ट होता आणि त्याला थोडं मोकळं अंतर दिलेलं होतं. तोच मजकुराचा डबा कॉपी करून मथळा टाइप केला, फॉन्ट बदलला, अंतर तसंच राहिलं. बॅनर पुन्हा छापावा लागला. त्या दिवसापासून मी फॉन्ट बदलला की ट्रॅकिंगचा आकडा बघितल्याशिवाय पुढे जात नाही.

देवनागरी लिहिणाऱ्यांना हे पटकन कळेल. आपल्या अक्षरांमध्ये अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटलेला दिसतो. ब्रश-स्क्रिप्टमध्ये तुटते ती तळाशी किंवा मध्यावर असलेली जोडरेघ. फरक एवढाच.

किती ट्रॅकिंगला जोड तुटतो हे फॉन्टगणिक बदलतं. ज्या फॉन्टमध्ये रेघ पुढच्या अक्षरात खोल शिरते तिथे 5 किंवा 10 खपून जातं. जिथे जेमतेम टेकते तिथे 2 सुद्धा दिसतं. म्हणून "थोडंसं चालतं" असा नियम करू नका. शून्यच ठेवा. अंतर उणे करूनही बघू नका. जोडावर रेघ रेघेवर चढते आणि तिथे काळा गोळा दिसू लागतो.

ट्रॅकिंग शून्य असूनही फट असेल तर परिच्छेद दोन्ही बाजूंनी सरळ, म्हणजे जस्टिफाय, केलेला आहे का ते बघा. ओळ भरण्यासाठी सॉफ्टवेअरला अक्षरांमधलं अंतर ताणायची परवानगी दिलेली असू शकते. मथळा डावीकडे किंवा मध्यावर घ्या.

वेबसाइटवर हाच दोष शैलीपत्रकातून (सीएसएस) येतो. थीमने वरच्या पातळीवर अक्षर-अंतर दिलेलं असतं आणि ते वारशाने मथळ्यापर्यंत उतरतं. शिवाय अंतर शून्य नसलं की ब्राउझर ऐच्छिक लिगेचर, म्हणजे शेजारच्या अक्षरांचे एकत्र काढलेले आकार, बंद ठेवतात. सीएसएसच्या नियमावलीतच तशी सूचना आहे. म्हणजे एका चुकीने दोन नुकसानं: फटही पडते आणि खास जोडाक्षरंही गायब होतात. मथळ्यापुरतं अंतर स्पष्टपणे शून्य लिहा. अक्षर-अक्षर उडवत आणणारं ॲनिमेशन लावलं असेल तर तेही काढून बघा, कारण ते प्रत्येक अक्षर वेगळ्या डब्यात टाकतं आणि शेजारचं अक्षर कोणतं हे फॉन्टला कळेनासं होऊ शकतं.

तिसरी: कर्निंग 'ऑप्टिकल'वर तर नाही ना

कर्निंग म्हणजे एकेका अक्षरजोडीपुरतं ठरवलेलं अंतर. त्याच्या यादीत साधारण दोन पर्याय असतात. 'मेट्रिक्स' किंवा 'ऑटो' म्हणजे फॉन्टमध्ये नोंदलेली मापं पाळायची. 'ऑप्टिकल' म्हणजे सॉफ्टवेअरने आकार बघून स्वतः अंतर ठरवायचं. सुट्या अक्षरांच्या फॉन्टला ऑप्टिकल कधी कधी खूप मदत करतं. जोडलेल्या अक्षरांना मात्र ते घातक आहे, कारण दोन आकार एकमेकांना टेकले की ते अंतर फार कमी पडलंय असं समजून त्यांना दूर सारतं. फटी काही जोड्यांतच आणि कमी-जास्त रुंदीच्या दिसत असतील तर आधी इथेच बघा. ट्रॅकिंगच्या फटी सारख्या असतात, ऑप्टिकलच्या नसतात.

सगळा मजकूर निवडून कर्निंग मेट्रिक्स किंवा ऑटो करा. एखाद्या जोडीत कुणी हाताने आकडा घातला असेल तर तोही यात निघून जातो.

चौथी: सगळी कॅपिटल अक्षरं

ब्रश-स्क्रिप्टमधली मोठी अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला एकटी उभी राहण्यासाठी काढलेली असतात. ती सहसा एकमेकांना जोडत नाहीत, आणि ओळीने लावली तर वाचताही येत नाहीत. 'ऑल कॅप्स'चं बटण दाबलेलं राहिलं आहे का, वेबवर मथळे आपोआप मोठ्या अक्षरांत वळवले जाताहेत का, एवढं बघा. शब्द पूर्ण मोठ्या अक्षरांतच हवा असा आग्रह असेल तर दुसरा फॉन्ट निवडा. इथे दुरुस्ती नाही.

पाचवी: खोटा बोल्ड

अक्षरं फुगलेली, पोटं बुजलेली, कडा बोथट दिसत असतील तर हे कारण धरून चाला. फॉन्ट डोळ्याला जाड दिसतो, पण फाइलमध्ये त्याची नोंद बहुधा 'रेग्युलर' म्हणून असते, कारण त्या कुटुंबात तो एकटाच असतो. त्यावर बोल्डचं बटण दाबलं की सॉफ्टवेअरकडे खरी बोल्ड फाइल नसते. मग ते आहे त्याच आकाराला चहूबाजूंनी जाडी चढवतं. कुंचला कुठे दाबला, कुठे उचलला हा जाड-बारीक फरकच या अक्षरांचा जीव असतो, आणि तोच सपाट होतो.

वेबवर हे कुणी बटण न दाबताही घडतं. ब्राउझर मथळ्याच्या घटकाला मुळातच बोल्ड धरतो, फॉन्टकडे 400 वजनाची, म्हणजे रेग्युलर, एकच फाइल असते, आणि ब्राउझर स्वतः बोल्ड बनवतो. मथळ्याचं वजन 400 लिहा किंवा कृत्रिम बोल्ड बनवण्याची मुभाच शैलीपत्रकात बंद करा. इटालिकचंही तेच. अक्षरं आधीच तिरपी आहेत, वर आणखी तिरकस केली की सगळ्या जोडांचा कोन बदलतो.

सहावी: ओपनटाइपच्या सोयी चालू आहेत का

आता पायरी पडणाऱ्या जोडांकडे येऊ. एखादा शब्द मोठा करून रोमन लिपीतलं 'ओ' आणि त्यापुढचं 'आर' नीट बघा. 'ए' किंवा 'एन' या अक्षरांतून बाहेर पडणारी रेघ खाली, तळरेषेजवळ असते. 'ओ', 'व्ही', 'डब्ल्यू' आणि 'बी' यांची मात्र वरून, मध्यरेषेच्या आसपास बाहेर पडते. पुढचं 'आर' किंवा 'एस' जर खालून येणाऱ्या रेघेची वाट बघत असेल तर दोन्ही टोकं चुकतात. हाताने लिहिताना आपण नकळत पुढच्या अक्षराची सुरुवात वळवून घेतो. फॉन्टला ते शिकवावं लागतं.

छपाईच्या धातूच्या खिळ्यांच्या काळात ही सोयच नव्हती. अमेरिकन टाइप फाउंडर्सने 1942 मध्ये रॉबर्ट स्मिथ यांचा 'ब्रश स्क्रिप्ट' काढला, 1953 मध्ये फ्रान्समध्ये रॉजे एक्सकोफाँ यांचा 'मिस्त्राल' आला. दोन्हींत लहान अक्षरं एकमेकांना जोडलेली दिसतात. प्रत्येक अक्षर स्वतःच्या ठोकळ्यावर होतं आणि शेजारी कोण येणार यावरून त्याचा आकार बदलू शकत नव्हता. कोणतंही अक्षर कोणत्याही अक्षराशेजारी बसावं म्हणून जोडाची जागा आधीच काटेकोर ठरवून घ्यावी लागायची. त्या मर्यादेत त्यांनी जे साधलं ते बघून मला आजही आदर वाटतो.

ओपनटाइप हा फॉन्ट फाइलचा प्रकार 1996 मध्ये जाहीर झाला आणि पुढे फॉन्टला शेजार बघून अक्षर बदलता येऊ लागलं. 'ओ'नंतर वरून सुरू होणारं दुसरं 'आर' फाइलमध्ये ठेवलेलं असतं, आणि 'कॉन्टेक्स्चुअल अल्टरनेट्स' नावाची सोय ते योग्य वेळी पुढे करते. काही जोड्यांसाठी एकत्र काढलेली लिगेचर असतात. 2010 मध्ये आलेल्या पाब्लो इम्पालारी यांच्या 'लॉबस्टर'मध्ये याच वाटेने जाऊन भरपूर लिगेचर दिलेली आहेत. ही सोय बंद असली की फॉन्ट धातूच्या खिळ्यासारखा वागतो, पण तो खिळ्याच्या शिस्तीने आखलेला नसतो. पायरी दिसते ती म्हणून.

इलस्ट्रेटरमध्ये ओपनटाइपचं पॅनल उघडून कॉन्टेक्स्चुअल अल्टरनेट्स आणि स्टँडर्ड लिगेचर चालू करा. वर्डमध्ये 2010 च्या आवृत्तीपासून या सोयी आहेत, पण लिगेचर बंद असू शकतात. तसं असेल तर फॉन्टच्या खिडकीतल्या 'ॲडव्हान्स्ड' भागात ती चालू करा. लांब शेपट्या आणि वळसे सहसा 'स्वॉश' किंवा 'स्टायलिस्टिक सेट'मध्ये असतात, आणि असे सेट 20 पर्यंत असू शकतात. नमुन्यातली वळणं दिसत नाहीत, या तक्रारीचं उत्तर बहुतेकदा तिथेच सापडतं. वळसे हातचे राखून वापरा. एका शब्दाला एक पुरतो, शेजारी दुसरा आला की ते एकमेकांत अडकतात.

तुमचं सॉफ्टवेअर ओपनटाइप ओळखतच नसेल तर फॉन्टसोबतची माहिती वाचा. अनेक फॉन्टांत हीच पर्यायी अक्षरं युनिकोडच्या, म्हणजे अक्षरांच्या क्रमांक-यादीच्या, खाजगी वापराच्या जागेत दुसऱ्यांदा ठेवलेली असतात. कॅरेक्टर मॅपमधून उचलून चिकटवता येतात. काम किचकट आहे, पण होतं.

सातवी: कापलेली शेपटी, आणि फॉन्टच्या दोन प्रती

कापलेल्या शेपटीत अक्षराचा दोष नसतो. वळसा अक्षराच्या मोजलेल्या रुंदी-उंचीबाहेर जातो आणि डबा त्याला छाटतो. डब्याला आतून मोकळी जागा द्या, ओळीची उंची वाढवा, बाहेर गेलेलं झाकण्याची सूचना असेल तर काढा. जागा देता येत नसेल तर शब्दाच्या मागे-पुढे एक रिकामी जागा टाइप करूनही बऱ्याचदा भागतं.

आणि एक साधी गोष्ट: त्याच फॉन्टच्या ओटीएफ आणि टीटीएफ या दोन प्रकारच्या फाइली दोन्ही बसवलेल्या असतील, किंवा जुनी आवृत्ती पडून असेल, तर सॉफ्टवेअर नेमकी कोणती उचलेल याचा भरवसा नाही. सगळ्या काढा, एकच नवी बसवा, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा.

आठवी: बाह्यरेषा, भोकं आणि कटिंग

इथून पुढे मूळ फाइलची प्रत करूनच काम करा, कारण मजकूर एकदा आकारात बदलला की टाइप करून दुरुस्त करता येत नाही.

रेट्रो मथळा म्हटला की जाड बाह्यरेषा आणि मागे सावली आलीच. बाह्यरेषा प्रत्येक अक्षराला वेगळी लागते, आणि अक्षरं एकमेकांत शिरलेली असल्याने जोडावर एकाची कड दुसऱ्याच्या अंगावर दिसते. इलस्ट्रेटरमध्ये मजकूर जिवंत ठेवून उपाय करता येतो: अपिअरन्स पॅनलमध्ये नवी रेषा घाला आणि ती अक्षरांच्या खाली ओढा. आतली अर्धी रेषा झाकली जाते, बाहेरची तेवढी दिसते. फोटोशॉपमध्ये थराला बाहेरच्या बाजूने स्ट्रोक दिला तर हा प्रश्नच येत नाही, कारण तो पूर्ण शब्दाच्या छायेभोवती फिरतो.

कटिंगच्या कामात यावर भागत नाही. विनाइल कापणारं पातं रंग बघत नाही, मिळेल त्या रेषेवरून फिरतं. अक्षरं एकसंध केली नाहीत तर ते प्रत्येक जोडावर आरपार कापतं आणि चिकटवताना अक्षरांचे तुकडे हातात येतात. म्हणून आकार एकत्र करावे लागतात: इलस्ट्रेटरमध्ये मजकुराची आउटलाइन करून पाथफाइंडरचं युनाइट, कोरलड्रॉमध्ये कर्व्ह करून वेल्ड, इंकस्केपमध्ये युनियन.

कोरलड्रॉमध्ये वेल्ड आणि कंबाइन यांची गल्लत होते. कंबाइनने आकार एका वस्तूत येतात, पण जिथे ते एकमेकांवर चढतात तो भाग पोकळ होतो. लक्षणांतलं पांढरं भोक ते हेच. मागे जा, कंबाइन उलटवा, वेल्ड करा. एकत्र केल्यावर फाइल बाह्यरेषा-दृश्यात बघायची सवय लावून घ्या. एक शब्द म्हणजे एक सलग कड, आत फक्त अक्षरांच्या पोटाच्या कडा. त्यापलीकडे एकही रेघ दिसता कामा नये.

सावली किंवा उठावाची वेगळी फॉन्ट फाइल असेल तर दोन्ही थरांची कर्निंग, ट्रॅकिंग आणि ओपनटाइप सोयी तंतोतंत सारख्या हव्यात. एका थरात पर्यायी अक्षर आलं आणि दुसऱ्यात नाही, की तिथपासून पुढची सगळी सावली सरकते.

नववी: कमानीवरचा मजकूर

वक्र रेषेवर टाइप केलं की प्रत्येक अक्षर स्वतःभोवती वेगळं वळतं. कमान वर फुगलेली असेल तर अक्षरांचे माथे पंख्यासारखे फाकतात. तळाचे जोड कसेबसे टिकतात, वरचे 'ओ'-'आर'सारखे जोड उघडे पडतात. कमान खाली वळलेली असेल तर माथे एकमेकांवर आदळतात. शब्द आधी सरळ ओळीत लावा, सगळे जोड पक्के करा, एकत्र करा, आणि मग पूर्ण आकाराला वॉर्प किंवा एन्व्हलप देऊन वाकवा. वाक हलका ठेवा. फार ताणलं की मधली अक्षरं बारीक आणि कडेची जाड दिसू लागतात.

तिरपा चढता मथळा हवा असेल तर अख्खी ओळ फिरवा. एकेक अक्षर वर सरकवू नका, प्रत्येक जोडावर पायरी पडेल.

थांबायचं कधी

अंतर शून्य, कर्निंग मेट्रिक्स, बोल्ड बंद, ओपनटाइप चालू, फॉन्टची एकच नवी प्रत, आणि तरीही तीच एक जोडी दर वेळी तुटते, दुसऱ्या प्रोग्राममध्येही तुटते: तर दोष फॉन्टच्या फाइलमध्येच आहे. ती उघडून स्वतः दुरुस्त करायला जाऊ नका. अनेक परवान्यांत फाइल बदलायला मनाई असते, आणि एका जोडीची मापं हलवताना इतर जोड्या बिघडतात. ज्याने फॉन्ट बनवला त्याला कळवा. त्या एकाच कामापुरती घाई असेल तर मजकूर आकारात बदलून तेवढा जोड पेन टूलने हाताने काढा, पण ती फाइल वेगळ्या नावाने ठेवा.

खरबरीत, कोरड्या कुंचल्याच्या पोताचा फॉन्ट कटिंगला द्यायचा असेल तरही थांबा. त्या कडांवर बिंदूंची एवढी गर्दी असते की पातं अडखळतं आणि बारीक कण सोलताना निघून येतात. कटिंग करणाऱ्याशी आधी बोला. बहुतेक वेळा त्याच फॉन्टची गुळगुळीत आवृत्ती घेणं हाच मार्ग उरतो. धातूची, ॲक्रिलिकची किंवा दिव्यांची अक्षरं करायची असतील तर सगळ्यात बारीक जोडाची जाडी किती हवी, हे ती बनवणाऱ्याने ठरवायचं असतं. पडद्यावर जुळलेला जोड धातूत वजन पेलेलच असं नाही.

बोधचिन्ह करायचं असेल तर पहिल्या दिवसापासून अक्षरं रेखाटणाऱ्या कलाकाराकडे जा. तिथे पाच-सात अक्षरंच असतात आणि ती वर्षानुवर्षं वापरली जातात. तो त्या नेमक्या शब्दासाठी प्रत्येक जोड काढतो. कोणताही फॉन्ट तेवढं करू शकत नाही.

कुणालाही मदत मागताना फॉन्टचं नाव आणि आवृत्ती, प्रोग्रामचं नाव, ट्रॅकिंग व कर्निंगचे आकडे दिसणारा स्क्रीनशॉट आणि तुटलेल्या जोडाचं मोठं केलेलं चित्र, एवढं एकत्र पाठवा.